सकाळच्या पाळीची वाटणी

"मानवी मूत्रपिंडाचा इतिहास इथून पुढे दोन कालखंडांत मोजला जाईल. आजच्या आधीचा आणि आजच्या नंतरचा!"

मातोश्री गंगाबाई विद्यापीठ रुग्णालयाच्या सभागृहात डॉ. नीलांबरी सरदेशमुख यांनी ही घोषणा केली आणि टाळ्यांनी छत दणाणलं. पहिल्या रांगेत रुग्ण बसले होते. नवा कालखंड त्यांच्याच कमरेत उगवायचा होता, म्हणून त्यांचा सत्कार होता. प्रत्येकाला एक शाल आणि एक शहाळं, वर भोक पाडून नळी खोचलेलं. सोलापूरचा ऑक्टोबर. गुरुनाथ म्हेत्रे यांनी शाल मांडीवर टाकली, शहाळं दोन्ही हातांत धरलं आणि नळी ओठांना लावली. तेवढ्यात मागच्या रांगेतून आहारतज्ज्ञ बाई खुर्च्या ओलांडत धावत आल्या.

"पिऊ नका! कुणीही पिऊ नका!"

डायलिसिसच्या माणसाला शहाळं म्हणजे विषच. त्यात पोटॅशियम असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंड नसलं की रक्तात साचतं आणि चालतं हृदय मध्येच थांबवतं. सत्काराचं सामान ठरवणारी समिती एक होती, उपचार ठरवणारी दुसरी, आणि दोघींची गाठ त्या दिवशी प्रथमच पडत होती. शहाळी गोळा झाली. ती नंतर व्यासपीठावरच्यांनी प्यायली. नवा कालखंड असा कोरड्या घशाने सुरू झाला.

गुरुनाथ म्हेत्रे एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. अर्ध्या जिल्ह्याने त्यांचा आवाज ऐकलेला होता, चेहरा कुणीच पाहिलेला नव्हता. आता बसगाड्या विजेच्या झाल्या आणि आपापली घोषणा आपणच करू लागल्या, त्यामुळे नियंत्रकाची खिडकी बंद झाली. त्याच सुमारास गुरुनाथांची मूत्रपिंडंही बंद झाली. दोन्हींचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणत. गुरुनाथांना खात्री नव्हती.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा सकाळी ते डायलिसिस वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर पडत. हातातली एक धमनी आणि एक शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेल्या. त्या जागी बोट ठेवलं की झोपलेलं मांजर गुरगुरावं तशी थरथर लागे. तिथे दोन सुया टोचायच्या, एकीतून रक्त यंत्रात जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. मधल्या दिवसांत पाण्याचा हिशोब घोटांवर. कलावती, त्यांची बायको, त्यांचं पाणी चांदीच्या वाटीतून द्यायची. वाटी चांदीची होती ती प्रेमाने नव्हे, घरात तीच सर्वांत लहान होती म्हणून.

वॉर्डाच्या टोकाला एक बाथरूम होतं. इथल्या बहुतेक रुग्णांना लघवीच होत नाही हे प्रशासनाच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याने ती जागा वाया जाऊ दिली नाही. तिथे जुन्या यंत्रांची खोकी छतापर्यंत रचली. कर्मचारी खालच्या मजल्यावर जात.

सकाळच्या पाळीत गुरुनाथांच्या एका बाजूला अप्पा वल्याळ असत. जन्मभर चादरी विणलेले, बोलताना घरातली तेलुगू मराठीत मिसळणारे. दुसऱ्या बाजूला यास्मिन बागवान, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. वय तिशीच्या आतलं, घरी पहिलीतली मुलगी. सिस्टर रूथ सगळ्यांच्या सुया लावायच्या आणि सगळ्यांना रागवायच्या. यंत्र सुरू झालं की पहिल्या तासात जीभ थोडी सैल सोडायची परवानगी असते, जे खाल्लं ते यंत्र धुऊन काढतं. त्या तासासाठी प्रत्येक जण घरून चोरटा डबा आणायचा. अप्पा शेंगाचटणी, यास्मिन खिम्याच्या दोन करंज्या, गुरुनाथ लोणच्याची एक फोड. आणि एकट्याने खायचं नाही, ही पाळीची पद्धत. सिस्टर रूथ डब्यांतल्या जिनसा मध्ये घेऊन कात्रीने सारखे भाग करायच्या. लोणच्याच्या एका फोडीचे तीन भाग करणं ही शल्यचिकित्साच होती आणि त्या तिच्यात तरबेज होत्या.

ह्या पद्धतीने पुढे काय करून ठेवलं ते कळण्यापूर्वी औषधाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात दहाएक लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्माच्या थोडं आधी तो कारखाना कायमचा बंद होतो. नंतर गाळणी फाटली की फाटली. डॉ. सरदेशमुखांच्या गटाला निकामी मूत्रपिंडाच्या व्रणांत काही पेशी सापडल्या. मेलेल्या नव्हत्या, झोपलेल्या होत्या. पोटातल्या बाळाच्या शरीरात गाळणी विणायचा जो रासायनिक निरोप फिरतो, तोच त्यांना पुन्हा दिला तर त्या उठून कामाला लागतात, असं प्राण्यांत दिसलं. त्या निरोपाचं केलेलं चूर्ण म्हणजे 'अंकुर'. रोज एक कॅप्सूल.

पण औषध खरंच काम करतं की माणसाला नुसतं तसं वाटतं, हे कळायला अर्ध्या रुग्णांना औषध द्यायचं आणि अर्ध्यांना हुबेहूब तशाच कॅप्सूलमध्ये मक्याचं पीठ. कुणाला काय, हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. ठाऊक फक्त 'पंच' नावाच्या संगणकाला. रुग्णालयातल्या सगळ्याच विभागांची संशोधनं तो सांभाळायचा: गुडघ्यांचं, हृदयाचं, त्वचेचं, विसरण्याच्या आजाराचं. रोज सगळ्यांची रक्तं, वजनं वाचायचा आणि दोन गटांत फरक पडला की सांगायचा. कॅप्सूलच्या डबीच्या झाकणातही त्याची चिप होती. सकाळी झाकण उघडलं की पंचाला कळे, औषध घेतलं.

झाकण उघडून पुढे काय केलं, हे मात्र त्याला कळत नसे.

"म्हणजे चार्ट लागलाय, पण आपलं नाव कन्फर्म की वेटिंग ते बघायचं नाही," पहिल्याच दिवशी डबी हातात घेऊन गुरुनाथ म्हणाले.

"काका, तिघांनाही खरं असेल," यास्मिन म्हणाली. "नाहीतर तिघांनाही पीठ."

"आणि एकालाच खरं असलं तर?" अप्पांनी विचारलं.

यंत्रं फिरत राहिली. एकाला खरं असलं तर एक जण उठून चालू लागणार आणि उरलेले दोघे त्याच्याकडे बघत पडून राहणार. ते तिघेही त्या वॉर्डात कितीतरी रिकाम्या होत गेलेल्या कॉटकडे बघत आलेले होते.

"आमच्या घरी एक आंबा आला तरी माणसं जेवढी तेवढ्या फोडी," अप्पा म्हणाले. "कोय पण चोखायला फिरवतात की ओ."

दुसऱ्या खेपेला गुरुनाथांनी घरून रिकामा स्टीलचा डबा आणला. तिघांच्या कॅप्सूल उघडल्या, चूर्ण डब्यात ओतलं, यास्मिनने शाळेतल्या फूटपट्टीने ते एकजीव करून तीन भाग केले आणि पुड्या बांधल्या. सिस्टर रूथ त्या वेळी नेमक्या पाठ करून उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या होत्या.

महिन्याभरात दुपारच्या पाळीने विचारलं, तुम्ही कसं करता. मग संध्याकाळच्या पाळीने. कुणी कुणाला शिकवलं नाही. चांगली पद्धत आपोआप पसरते आणि तिच्यासाठी परिषद भरवावी लागत नाही.

*

कलावतीला हे फेब्रुवारीत कळलं. देवघराच्या कोनाड्यात ठेवलेल्या पुड्या तिने आधी अंगारा समजून रोज कपाळाला लावल्या होत्या. अंगारा इतका पांढरा कसा, एवढीच तिची शंका होती. मग एका दुपारी तिने नवऱ्याला आपल्या पुडीतलं अर्धं चूर्ण दुसऱ्या पुडीत झटकताना पाहिलं.

"हे काय चाललंय?"

गुरुनाथांनी सांगितलं. एकदा सांगायला लागल्यावर सगळंच सांगितलं. वाटणी कशी होते ते, आणि दुसऱ्या पुडीचंही.

यास्मिनच्या हाताची शीर बंद पडत आली होती. आधी डावा हात गेला होता, आता उजवा. मानेतल्या शिरा आधीच्या नळ्यांनी आकसलेल्या. शीर नाही तर सुई नाही, सुई नाही तर यंत्र नाही, आणि यंत्र नाही तर माणूस आठवड्याच्या वर टिकत नाही. सिस्टर रूथ दर खेपेला तिच्या हातावर बोटं ठेवून डोळे मिटायच्या. मांजराची गुरगुर मंदावत चालली होती. तेव्हापासून गुरुनाथ आणि अप्पा, एकमेकांना न सांगता, तिच्यासाठी आपल्या पुडीतलं थोडं बाजूला काढत होते.

कलावती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"माझी किडनी देत होते मी तुम्हाला," ती म्हणाली. "मला शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी घेतली नाही. मी त्या दिवशी रडले नाही. म्हटलं, दुसरीकडून येईल. ती आता पुडीतून घरात आलीय आणि तुम्ही वाटत सुटलाय? खिरापत आहे का ती?"

"अगं, माझ्यात नुसतं पीठ असेल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर... मग बरंच झालं की वाटलं ते."

"कुणाचं बरं? तिचं! आणि माझं?" तिचा आवाज चिरकला. "त्या पोरीला पोर आहे, मान्य. मला कोण आहे ओ? सांगा की. मला कोण आहे?"

गुरुनाथांना जन्मभर उशिरा येणाऱ्या गाड्यांबद्दल शांत आवाजात बोलायची सवय होती. ह्या प्रश्नासाठी त्यांच्याकडे घोषणा नव्हती. त्यांनी पुडी बांधली आणि खिशात टाकली. कलावती उठली आणि त्या संध्याकाळी चांदीची वाटी त्यांच्यापुढे न बोलता ठेवली गेली. पुढे तीन महिने ती तशीच ठेवली जात होती.

*

मे महिन्यात पंचाने निकाल दिला. डॉ. सरदेशमुख स्वतः सकाळच्या पाळीला सांगायला आल्या. नव्या कालखंडाची घोषणा करणाऱ्या बाई ह्याच का, असं वाटावं इतक्या त्या वाळल्या होत्या.

"दोन गटांत काहीही फरक नाही," त्या म्हणाल्या. "पंचाची शिफारस आहे की प्रयोग थांबवावा. सोमवारी नीतिसमिती बसेल. औषध त्या दिवसापासून बंद."

"फरक नाही म्हणजे कुणालाच गुण नाही?" गुरुनाथांनी विचारलं.

"दोन्ही गटांचं दोन डायलिसिसमधलं वजन थोडं कमी वाढतंय. म्हणजे अंगात पाणी कमी साचतंय. पण दोन्ही गटांचं सारखंच. पंचाने त्याचं कारण दिलंय: यंदाचा उन्हाळा कडक आहे, घाम जास्त येतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वॉर्डात चोवीस तास वातानुकूलन होतं आणि तिघेही घरी पंख्याखालून हलत नव्हते. डॉक्टर गेल्यावर यास्मिन हळू आवाजात म्हणाली, "काका, आपण सांगायला पाहिजे. औषध काम करतंय. सगळ्यांना थोडं थोडं मिळालं म्हणून फरक दिसत नाही."

"सांगितलं की बाहेर," अप्पा म्हणाले. "नियम मोडला म्हणून आजच डबी काढून घेतील. सोमवारपर्यंत तरी मिळतंय ते घे की पोरी."

"आणि नाही सांगितलं तर ते कायमचं गाडलं जाईल अप्पा. सगळ्यांसाठी."

दोघांनी गुरुनाथांकडे पाहिलं. सांगितलं तर यास्मिनचं औषध आज तुटणार होतं, नाही सांगितलं तर सोमवारी. तिच्या हातात उरलेल्या गुरगुरीला तीन दिवसांचा फरकही मोठा होता. ते म्हणाले, "उद्या ठरवू." गाडी कुठे अडकलीय हे ठाऊक नसलं की नियंत्रक असंच म्हणतो.

उद्या ठरवायची वेळ आली नाही. त्याच दिवशी दुपारी कलावती डॉ. सरदेशमुखांच्या केबिनमध्ये जाऊन बसली. तिला संशोधन वाचवायचं नव्हतं की बुडवायचंही नव्हतं. तिची मागणी साधी होती: माझ्या माणसाच्या डबीत जे आहे ते ह्यापुढे माझ्या माणसाच्याच पोटात गेलं पाहिजे, तुमच्या देखत. ही मागणी समजावून सांगताना तिला पुड्या, स्टीलचा डबा आणि फूटपट्टी यांबद्दलही सांगावं लागलं.

असं म्हणतात की डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "किती जणांनी?"

"आमच्या ह्यांच्या पाळीने," कलावती म्हणाली. "आणि मग सगळ्यांनीच की."

*

सोमवारी समिती वॉर्डातच आली, कारण आरोपींना सुया लागलेल्या होत्या. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती कुलाबकर, बरोबर इतर विभागांचे प्रमुख, आणि चाकांच्या टेबलावर पंचाचा पडदा. कलावती आली होती. गुरुनाथांच्या कॉटजवळ बसायची तिची हिंमत होईना, म्हणून ती मधली जागा सोडून यास्मिनच्या पलीकडे, उशाशी स्टुलावर बसली होती. नवरा-बायको तीन दिवस एका घरात राहून एकमेकांकडे बघतही नव्हते.

यास्मिनच्या यंत्राचा दिवा लाल होता. सिस्टर रूथनी सकाळी तिच्या हातावर बोटं ठेवली, मग स्टेथस्कोप ठेवला, मग पुन्हा बोटं ठेवली. गुरगुर थांबली होती. शीर बंद. शल्यविभागाने मानेतून नळी घालायचा प्रयत्न करायचं कबूल केलं होतं, पण त्याआधी रक्ताचा रिपोर्ट हवा होता. रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं होतं. शुक्रवारपासून तिचं डायलिसिस झालेलं नव्हतं. ती एका कुशीवर पडली होती आणि मधूनच ओठ आवळत होती.

"हा विज्ञानाचा विश्वासघात आहे," न्यायमूर्ती म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही कोर्टाच्या मापाचा होता. "ही पद्धत फक्त ह्याच विभागात आहे, अशी मी आशा करतो."

अप्पा घसा खाकरून म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या बायकांनी कसं करता म्हणून विचारलं होतं साहेब. आम्ही सांगितलं."

अस्थिविभागाचे प्रमुख खुर्चीत थोडे खाली सरकले. त्वचाविभागाच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"न्यायमूर्ती," डॉ. सरदेशमुख पुढे झाल्या. "मी तीन दिवस एकच विचार करतेय. दोन्ही गटांत सारखी सुधारणा आहे. आपण घामाचं कारण दिलं. पण सगळ्यांनी मिसळून घेतलं असेल तर ती सुधारणा औषधाची असू शकते. पीठ मिळालेल्यांच्या साठवलेल्या रक्तात अंकुरचा अंश सापडला की सिद्ध होईल. मला वेळ द्या. तोवर औषध बंद करू नका."

"बाई, तुम्हाला तसं वाटतं. माणसाला नुसतं तसं वाटू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत." न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "आज, इथे, ह्या माणसांत काही बदललंय याचा एक तरी पुरावा आहे?"

डॉक्टरांनी तिन्ही कॉटकडे पाहिलं. यंत्रं फिरत होती. पडद्यावर पंच आपला निर्विकार हिरवा ठिपका लुकलुकवत होता.

"नाही. मग नियमाप्रमाणे सर्वांचं औषध आजच बंद." न्यायमूर्ती थांबले. "फक्त एक अपवाद समितीला करता येतो. ज्यांना प्रत्यक्ष औषध मिळत होतं आणि जे ह्यापुढे ते सिस्टरांच्या देखत, एकट्याने, पूर्ण घ्यायला तयार आहेत, त्यांना चालू ठेवता येईल. कुणाच्या डबीत काय, ही किल्ली आम्ही पंचाला उघडायला सांगितली आहे. ह्या पाळीत असा एकच रुग्ण आहे."

यास्मिनने डोळे मिटले. अप्पांनी चादरीचा काठ मुठीत धरला.

"गुरुनाथ म्हेत्रे. आपल्या डबीत खरं औषध होतं. ह्या दोघांच्या डब्यांत मक्याचं पीठ."

कलावतीच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका की हुंकार ते कळलं नाही. तिचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. सात महिने तिच्या घरातलं अमृत ह्या दोन कॉटवर गेलं होतं आणि तिच्या नवऱ्याच्या पोटात बरंचसं मक्याचं पीठ.

"काय म्हणता?" न्यायमूर्तींनी विचारलं.

गुरुनाथांनी आधी अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान हलवून 'हो म्हणा' असं खुणावत होते. मग यास्मिनच्या पाठीकडे पाहिलं. मग कलावतीकडे. ती नवऱ्याकडे बघत होती, तीन दिवसांत पहिल्यांदाच, आणि तिच्या डोळ्यांत 'मला कोण आहे' हे अजून तसंच होतं. ह्या एका होकारात त्यांचं सगळं आयुष्य परत येणार होतं: पाण्याचा भरलेला तांब्या, बायकोबरोबर रात्रीचं बोलणं, कदाचित म्हातारपण. आणि शेजारच्या कॉटवर जे व्हायचं ते होणार होतं.

"साहेब," ते म्हणाले, आणि स्टँडवरचा तो जुना आवाज आपोआप बाहेर पडला, सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असा. "गाडीत तिघांना जागा आहे म्हणून आम्ही चढलो. एकाचीच आहे म्हणत असाल तर मला उतरवा."

"विचार करून बोला, म्हेत्रे. ही संधी पुन्हा नाही."

"केलाय. उतरवा."

डॉ. सरदेशमुखांनी तोंड फिरवलं. न्यायमूर्तींनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले आणि ते निर्णय सांगायला उभे राहिले. त्याच क्षणी कलावतीही स्टुलावरून ताडकन उठली. ही बाई आता नवऱ्याचा जीव मागणार, समितीला शिव्या देणार, की त्या पोरीच्या तोंडावर बोलणार, काय होईल ते कुणाला सांगता येईना. सिस्टर रूथ दोन पावलं पुढे आल्या. गुरुनाथांनी डोळे मिटून घेतले.

पण तिचा पदर अडकला होता. यास्मिनने तो धरला होता.

"काकू." तिने डोळे उघडले होते. एवढ्या पुरुषांकडे पाहून तिचे कान लाल झाले होते. "जरा... जरा खाली वाका ना."

कलावती वाकली. पोरीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. कलावती तशीच वाकलेली राहिली. मग तिने मान वर करून पोरीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जणू सात महिन्यांत तिला पहिल्यांदाच बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहाटेपासून वाटतंय. आधी विश्वासच बसेना. आता धरवत नाही."

न्यायमूर्तींनी घसा साफ केला. "सर्व बाबींचा साकल्याने विचार करता ही समिती एकमताने असा निर्णय—"

"थांबा हो जरा!" कलावती गरजली आणि न्यायमूर्ती थांबले. तिने डोळे पदराने पुसले, सगळ्या समितीवरून नजर फिरवली आणि वॉर्डाच्या टोकाकडे बोट केलं.

"तुमचं ते नंतर. आधी कुणीतरी त्या बाथरूममधली खोकी बाहेर काढा. पोरीला जायचंय."